सकाळी डावीकडे कलणारी गाडी: जुन्या मोटरहोममधल्या हवेच्या गळतीचं एक प्रकरण

अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरात १९७२ साली सुरू झालेला गरम हवेच्या फुग्यांचा मेळा आता ऑक्टोबरमध्ये भरतो. पहाटे सातच्या सुमारास शेकडो फुगे एकदम आकाशात चढायला लागतात आणि ते बघायला लोक मोटरहोम (आत राहायची सोय असलेली गाडी) घेऊन मैदानालगत आठवडाभर मुक्काम ठोकतात. आम्हीही डॅलसहून तिथे गेलो होतो. दुसऱ्या दिवशी पहाटे बायकोनं चहाचं आधण ठेवलं, तर भांड्यातलं पाणी एका कडेला जमा झालेलं. "गाडी कलली आहे का रे?" असं तिनं विचारलं. बाहेर येऊन पाहिलं. मागची डावी बाजू चार इंच खाली बसली होती. सगळ्या जगाचे फुगे वर चालले होते आणि आमचे तेवढे खाली.

गाडी २००१ सालची, ३६ फुटी, डिझेल इंजिन मागे. अशा गाड्यांचं बरंचसं काम हवेवर चालतं: ब्रेक हवेवर, सस्पेन्शन हवेवर, हॉर्न हवेवर, ड्रायव्हरची सीटसुद्धा हवेवर. इंजिनावरचा कॉम्प्रेसर हवा भरतो. ती आधी हवेतली ओल शोषणाऱ्या ड्रायरमधून ‘ओली टाकी’ म्हणतात त्या पहिल्या टाकीत जाते आणि तिथून पुढच्या व मागच्या अशा दोन टाक्यांमध्ये वाटली जाते. डॅशबोर्डवर दोन काटे असतात, एकेका टाकीचा एक. दोन्ही टाक्यांच्या तोंडाशी एकेरी व्हॉल्व असतो, त्यामुळे एक टाकी रिकामी झाली तरी दुसरी तग धरते. त्या सकाळी पुढचा काटा शून्यावर आणि मागचा ४५ वर होता. आदल्या संध्याकाळी दोन्ही १२० पीएसआयवर (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर किती पौंड दाब) होते. दोन स्वतंत्र टाक्या एकाच रात्रीत उतरल्या, म्हणजे गळती एक नाही, निदान दोन तरी आहेत, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. मला ते पुढे महिन्याभरानं उमगलं.

हवा नसली की हँडब्रेक सुटत नाही. हे ब्रेक उलटे असतात: आतली जाड स्प्रिंग ब्रेक दाबून धरते आणि हवेच्या जोरावर ती मागे सारावी लागते. ६० पीएसआयच्या खाली बझर बोंबलतो आणि २० ते ४५ च्या दरम्यान कुठेतरी पार्किंगचं बटण आपोआप बाहेर येतं, म्हणजे हँडब्रेक लागतो. त्यामुळे जागा सोडायच्या दिवशी पहाटे साडेपाचला इंजिन चालू करून हवा भरत बसावं लागलं. शेजारच्या गाडीतल्या आजोबांनी पडदा सारून ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनंच पुढचा सगळा उद्योग करायला लावला म्हणा.

पहिली चूक: बलून बदलले

डॅलसला परतल्यावर मी एका दुकानाकडे गेलो. नाव राहू द्या. डावी बाजू बसते म्हणजे डाव्या एअरबॅग (स्प्रिंगच्या जागी गाडी तोलून धरणारे हवेचे रबरी फुगे) गेल्या, असं निदान त्यांनी गाडीखाली न जाताच केलं. दोन नव्या बॅगा टाकल्या आणि अकराशे डॉलर घेतले. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा तशीच बसलेली. तक्रार केली तर त्यांनी कागदावर गळतीची चाचणी करून दाखवली: इंजिन बंद, हँडब्रेक सोडलेला, मिनिटाला २ पीएसआयपेक्षा कमी उतार. "कायद्यात बसते," म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते. व्यावसायिक ड्रायव्हरच्या परीक्षेच्या पुस्तकात एकट्या गाडीसाठी हीच मर्यादा आहे. पण जरा हिशेब करा. मिनिटाला २ म्हणजे तासाला १२०. कायद्याच्या कसोटीत पहिल्या नंबरानं पास झालेली गाडीसुद्धा जेवून हात धुवेपर्यंत रिकामी होऊ शकते. ही कसोटी रस्त्यावर पळणाऱ्या गाडीसाठी आहे. कॉम्प्रेसर चालू असताना एवढी गळती तो सहज भरून काढतो. मला हवं होतं रात्रभर टिकणं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला लावलं की अकराशे डॉलरला खड्डा पडतो.

माझा एक मावसभाऊ सांगलीकडे ट्रॅव्हल्सच्या गाड्यांचं गॅरेज चालवतो. त्याला फोन लावला. तिकडे एअरबॅगला बलून म्हणतात आणि ब्रेक चेंबरला, म्हणजे चाकाजवळच्या हवेनं ब्रेक दाबणाऱ्या डब्याला, बूस्टर.

"दादा, बलून नवे टाकले तरी गाडी बसते."

"ड्रायरचं डबडं कधी बदललंस?"

"कुठलं डबडं?"

पलीकडे जरा शांतता. मग म्हणाला, "मग बलूनच्या मागं कशाला लागलायस? बलून सहजासहजी जात नाही. आधी टाकीचा नळ सोड आणि खाली काय पडतंय ते मला सांग की."

मी नळ सोडला. पाणी अपेक्षित होतं. पडलं ते ताकासारखं काहीतरी: पांढुरकं, तेलकट, आणि बोटांत चोळलं की बारीक रेतीसारखं कचकचणारं. फोटो पाठवला. त्याचं उत्तर दोन शब्दांचं होतं: "पावडर झाली."

ड्रायरच्या डब्यात ओल शोषणारे मणी असतात. तो डबा दोन-तीन वर्षांनी बदलायचा असतो. माझ्या आधीच्या मालकानं तो कधी बदलला असेल याची खूण डब्यावर नव्हती, गंज मात्र भरपूर होता. कॉम्प्रेसरमधून थोडं तेल येतंच. त्या तेलानं मण्यांवर थर बसतो, मणी ओल धरेनासे होतात, मग फुटतात आणि त्यांची पूड हवेबरोबर पुढे निघते. ती जिथे जिथे रबराची सीट असेल तिथे तिथे जाऊन बसते. म्हणजे मी ज्याला गळती म्हणत होतो ती खरं तर त्या पुडीची करणी होती.

पान्ह्याआधी घड्याळ

एका मित्राच्या शेडमध्ये सपाट काँक्रीट होतं. गाडी तिथे लावली, चाकांना ओंडके घातले आणि चेसिसखाली पोलादी स्टँड दिले. याबद्दल जरा सांगतोच. हवेवर उभ्या गाडीखाली नुसतं शिरू नये. एअरबॅग किंवा एखादी नळी सुटली तर गाडी काही इंच खाली येते, आणि ते काही इंच म्हणजे माणसाच्या छातीची जाडी. असे मृत्यू झालेले आहेत. जॅकही चालत नाही, कारण तोही बसतो. मी स्टँड लावून आधी सगळी हवा सोडून दिली, गाडी स्टँडवर टेकू दिली, आणि उरलेली जागा हातानं मापून मगच आत सरपटलो.

इंजिनाच्या आवाजात सुस्कारा ऐकू येत नाही. म्हणून इंजिन बंदच ठेवलं. गाडीच्या पुढच्या बाजूला टोइंगवाल्यानं बाहेरून हवा द्यावी म्हणून एक जोड असतो. त्याला मित्राचा शेडमधला कॉम्प्रेसर लावला आणि १२० पर्यंत हवा भरली. डॅशबोर्डच्या काट्यांवर माझा विश्वास उरला नव्हता, म्हणून टाक्यांच्या नळांच्या जागी दोन डिजिटल गेज बसवले आणि वही घेऊन बसलो. पहिला तास दर दहा मिनिटांनी, मग दर अर्ध्या तासानं.

थोडा उतार फुकटचा असतो, तो आधी वजा करायला हवा. हवा थंड झाली की दाब उतरतो, त्याला छिद्र लागत नाही. अल्बुकर्की समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. संध्याकाळी २२ अंश आणि पहाटे ५ अंश असेल, तर बंद टाकीतल्या १२० पीएसआयचे सकाळी ११२ होतात. हे आठ पीएसआय शोधायला गाडीखाली गेलात तर जन्मभर तिथेच राहाल. शेडमध्ये तापमान दिवसभर एकसारखं असल्यानं ही भानगड नव्हती.

वहीतले आकडे बघता बघता गंमत दिसायला लागली. पुढची टाकी सावकाश पण एका चालीनं उतरत होती, कुठे थांबत नव्हती. मागची टाकी मात्र तीन तासांत १२० वरून ७० वर आली आणि तिथे जवळजवळ ठप्प झाली. त्यानंतरच्या दोन तासांत जेमतेम चार पीएसआय. आणि गाडी? पहिले तीन तास डावी बाजू ताठ उभी होती. टाकी ७० वर थांबली आणि मग गाडी कलायला लागली. (स्टँड टेकायला थोडी जागा मुद्दाम ठेवली होती. या वेळी मी बाहेर खुर्चीवर होतो, खाली नाही.)

या एका वळणानं अर्धं निदान झालं. माझ्या गाडीत सस्पेन्शन, हॉर्न आणि सीट यांना हवा मागच्या टाकीतून मिळते, पण मध्ये एक संरक्षक व्हॉल्व असतो. दाब ठरावीक आकड्याखाली गेला की तो दार बंद करतो, म्हणजे उरलेली हवा ब्रेकसाठी राखून ठेवतो. माझा व्हॉल्व ७० च्या आसपास मिटत होता. म्हणजे मागची मोठी गळती त्या दाराच्या पलीकडे, सस्पेन्शनच्या बाजूला होती. दार उघडं असेपर्यंत हाईट व्हॉल्व (गाडीची उंची राखणारा व्हॉल्व) टाकीतून हवा घेऊन डावी बाजू सावरत होता. दार मिटल्यावर त्याचा पुरवठा तुटला आणि बाजू बसली. दुकानदारानं बॅगा बदलल्या तेव्हा हे सगळं तसंच होतं. त्यानं पाच तास घड्याळ बघितलं असतं तर माझे अकराशे वाचले असते.

फुग्याची परीक्षा

साबणाचं पाणी घेतलं. भांडी घासायचं लिक्विड आणि पाणी, फवारणीच्या बाटलीत. पंक्चरवाला घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघतो तोच प्रकार, फक्त इथे घमेलं गाडीपर्यंत न्यावं लागतं. नव्या बॅगा कोरड्या ठणठणीत निघाल्या. नळ्यांच्या जोडांवर दोन-तीन ठिकाणी मुंगीच्या डोळ्याएवढे बुडबुडे आले, ते लिहून ठेवले. मोठी गळती मात्र दिसेना.

डाव्या बॅगांची हवा बाहेर जायला तिथे दोनच अधिकृत दारं होती: हाईट व्हॉल्वचं एक्झॉस्ट आणि लेव्हलिंगच्या, म्हणजे उभी गाडी समतल करणाऱ्या, सोलेनॉइड ब्लॉकचं एक्झॉस्ट. या ब्लॉकवर सहा सोलेनॉइड (विजेवर उघडणारे-मिटणारे व्हॉल्व) असतात, त्यामुळे इकडचे लोक त्याला सिक्स-पॅक म्हणतात. जुन्या गाडीत तो व्यायाम न केलेल्या माणसाच्या सिक्स-पॅकइतकाच भरवशाचा असतो. एक्झॉस्टचं तोंड खाली आणि आडबाजूला असल्यानं साबण टिकत नव्हता. मग नातवाच्या वाढदिवसाचे उरलेले फुगे आणले. एक हाईट व्हॉल्वच्या तोंडावर चढवला, दुसरा ब्लॉकच्या. हाईट व्हॉल्ववरचा लोंबतच राहिला. ब्लॉकवरचा पिवळा फुगा सात मिनिटांत नारळाएवढा झाला. अल्बुकर्कीनंतर पहिल्यांदा फुगा बघून मला आनंद झाला.

टाक्यांची सगळी हवा सोडली, गाडी स्टँडवर आणली आणि ब्लॉक बाहेर काढला. एकेक सोलेनॉइड उघडला की आत लोखंडी प्लंजर (वरखाली सरकणारा दांडा), त्याच्या टोकाला रबराची टिकली, आणि ती जिथे टेकते ते बारीक पितळी तोंड. डाव्या बाजूची हवा सोडणाऱ्या सोलेनॉइडची टिकली मी खिडकीपाशी नेऊन भिंगातून पाहिली. रबरावर गोल चर पडला होता आणि त्या चरात पांढरी पूड गच्च बसली होती, दळणाच्या गिरणीत कोपऱ्यात बसते तशी. ओ-रिंग (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) नखानं दाबल्या तर खचत नव्हत्या, प्लास्टिकसारख्या कडक झाल्या होत्या. त्यातली एक चिमटीत मोडलीच.

सहाही सोलेनॉइडांचे प्लंजर आणि ओ-रिंग बदलल्या. फक्त गळकाच बदलायचा मोह होतो, पण तेवीस वर्षांच्या रबरापैकी एकच म्हातारं झालं आणि बाकीची तरुण राहिली असं होत नाही. बसवताना जोडांच्या आट्यांना टेफ्लॉनची टेप न लावता पेस्ट लावली. टेपचे तुकडे तुटून पुढच्या व्हॉल्वमध्ये अडकतात, म्हणजे पुडीची जागा टेप घेते.

त्याच फेरीत ड्रायरचा डबा आणि त्याचा पर्ज व्हॉल्वही (साचलेलं पाणी बाहेर फेकणारा) बदलला. हे आधी करायला हवं होतं, कारण डबा तसाच ठेवून ओ-रिंग बदलणं म्हणजे गिरणी चालू ठेवून ओटा पुसणं. पुढचे दोन महिने दर आठवड्याला टाक्यांचे नळ सोडत राहिलो. पहिल्या तीन वेळा ताक, मग पांढुरकं पाणी, मग नुसती हवा.

पुढची टाकी

पुढच्या टाकीची गोष्ट साधी आणि जरा लाजिरवाणी आहे. डॅशबोर्डखाली उताणं पडून, मानेखाली उशी घेऊन, टॉर्च दातांत धरून शोध घेतला. काट्याला जाणाऱ्या पाव इंची नायलॉनच्या नळीचा जोड फसफसत होता. कुणीतरी पूर्वी तो जोड करताना नळीत पितळी बुशच घातलं नव्हतं. नट आवळला की नळी चेपते, गळते, मग माणूस अजून आवळतो, ती अजून चेपते. मीही आधी अर्धा फेरा आवळून पाहिला होताच. शेवटी नळीचं चेपलेलं टोक कापलं, नळी कापायच्या कटरनं काटकोनात (कात्रीनं तिरकं कापलं की नवा जोडही गळतो), आणि वाहनांच्या एअर ब्रेकसाठी प्रमाणित असलेला दाबून बसवायचा जोड लावला. हार्डवेअरच्या दुकानात घरच्या फिल्टरसाठी मिळणारे जोड दिसायला तसेच असतात. ते इथे लावू नयेत.

आता रात्रभरची चाचणी घेतली. बारा तासांनी पुढची टाकी १०८, मागची ९९. गाडी ताठ. मी खूश.

आणि मग पेडल

मावसभावाला आकडे कळवले. त्यानं विचारलं, "पेडल दाबून बघितलंस?"

मी नव्हतं बघितलं. इतके दिवस मी उभ्या गाडीची गळती शोधत होतो, आणि उभ्या गाडीत ब्रेकच्या नळ्यांमध्ये हवाच नसते. ती पाय दाबला की जाते. परीक्षेच्या त्याच पुस्तकात दुसरी चाचणी आहे: पेडल दाबून धरा, पहिला उतार होऊ द्या, मग एक मिनिट मोजा. एकट्या गाडीला मर्यादा ३ पीएसआय. दुकानदारानं मला फक्त पहिली चाचणी दाखवली होती.

बायको सीटवर बसली आणि पेडल दाबून मोठ्यानं सेकंद मोजायला लागली. मी मागे गेज बघत होतो. ती साठवर पोचली तेव्हा मागची टाकी ५ पीएसआयनं खाली. पुन्हा केलं, पुन्हा ५. तिचा पाय सुटला की गळती गायब, दाबला की हजर. चाकांजवळ वाकून ऐकलं तर उजव्या मागच्या चेंबरमधून बारीक शिट्टी. भोकापाशी साबण लावला तर फेसाचा गोळा. सर्व्हिस बाजूचं, म्हणजे पायाच्या ब्रेकचं, डायफ्राम (रबरी पडदा) फाटलं होतं.

रात्री डावीकडे कलणाऱ्या गाडीनं मला दोन महिने नाचवलं, आणि जी खरी काळजीची गोष्ट होती ती उजवीकडे होती. तिनं एकाही सकाळी तोंड दाखवलं नव्हतं. न्यू मेक्सिकोतले घाट मी त्याच चेंबरवर उतरलो होतो. पाय सारखा ब्रेकवर ठेवला असता तर कॉम्प्रेसरला ते भरून काढता आलं असतं का, याचं उत्तर मला त्या उतारावर मिळवायचं नव्हतं.

"दादा, नवं डायफ्राम मिळतं. टाकू का?"

"पुढचा बूस्टर असता तर टाक म्हणालो असतो. मागच्याला हात लावायचा नाही. त्यात हँडब्रेकची स्प्रिंग हाय. ती सुटली तर माणूस सापडत नाही."

अतिशयोक्ती थोडीच होती. त्या स्प्रिंगमध्ये हजारो पौंडांचा जोर दाबून ठेवलेला असतो आणि ते झाकण उघडायचंच नसतं. उघडताना माणसं मेली आहेत. मी माझा पान्हा खाली ठेवला. ट्रकच्या ब्रेकचं काम करणाऱ्या दुसऱ्या एका दुकानात गाडी नेली. तिथल्या माणसानं स्प्रिंग बोल्टनं जखडून मागचे दोन्ही चेंबर अख्खे बदलले, पुश-रॉडचा (ब्रेक ढकलणाऱ्या दांड्याचा) स्ट्रोक, म्हणजे तो किती बाहेर येतो ते, मोजून दोन इंचांच्या आत आहे हे मला पट्टी लावून दाखवलं, आणि न सांगता पेडलची चाचणी घेतली. मिनिटाला १. त्याचं बिल मी हसत दिलं.

आता हिवाळा आला आहे. पारा शून्याखाली गेला की डावी बाजू सकाळी अर्धा-पाऊण इंच बसते. हाईट व्हॉल्वमधलं रबर थंडीत आखडत असावं, उन्हाळ्यात तो बदलीन. ड्रायव्हरच्या सीटची हवा मात्र अजून रोज रात्री उतरते. सकाळी बसलं की स्टीअरिंग हनुवटीशी येतं. तिचा व्हॉल्व मागवलाय. तोवर गाडी चालू केल्यावर दोन मिनिटं, सीट आणि मी दोघंही हळूहळू वर येतो.